टोपीवरचा बिल्ला, बाहीवरचं चिन्ह

(दृश्य: महार रेजिमेंटचा बिल्ला, अगदी जवळून)

तिपाईवरच्या दोन विकर्स मशीनगन, एकमेकींना छेदणाऱ्या. सोबत खंजीर. महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात उभी राहिली आणि १९४६ मध्ये ती मशीनगन रेजिमेंट झाली. १९६३ पासून ती पायदळाची रेजिमेंट आहे. विकर्स केव्हाच सेवेतून गेली, तरी बिल्ल्यावर ती टिकली. टिकला नाही तो भीमा कोरेगावचा स्तंभ. आज खंजीर दिसतो तिथे आधी तो होता.

मराठा लाइट इन्फंट्रीच्या बिल्ल्यात ढाल-तलवारींबरोबर बिगुल आहे. एका ओळीत चालणाऱ्या पलटणीला ढोलावर हुकूम देता येई. पण विखरून, पुढे धावत लढणाऱ्या हलक्या तुकड्यांना ढोल वाहणं जमेना, म्हणून बिगुल आला. बलुचिस्तानातल्या काहानच्या बचावाबद्दल मुंबईच्या ५ व्या नेटिव्ह इन्फंट्रीला १८४१ मध्ये ‘लाइट इन्फंट्री’ हा मान मिळाला, आणि हीच पलटण पुढे मराठा रेजिमेंटमध्ये आली.

(दृश्य: डावी बाही)

बाहीवरचं चिन्ह मात्र रेजिमेंटचं नसतं, ते अनेक पलटणींच्या डिव्हिजनचं किंवा त्याहून मोठ्या कोअरचं असतं. चौथ्या डिव्हिजनचा लाल गरुड घ्या: पलटण तिथून दुसरीकडे बदलून गेली की गरुड उतरतो, टोपीवरचा बिल्ला तोच राहतो.

खांद्यावर घोटाळा होतो तो ताऱ्यांचा. नुसते तीन तारे म्हणजे कॅप्टन. तेच तीन सिंहमुद्रेखाली आले की ब्रिगेडियर. एकटी सिंहमुद्रा मेजरची, पण तिच्यासोबत रंगीत फीत असेल तर सुभेदार मेजर. नाटक-सिनेमाचे कपडेवाले नेमकी ही फीत विसरतात.

(दृश्य: बेरे टोपी, पाण्याची बादली)

नवी बेरे तव्यासारखी सपाट असते. कोमट पाण्यात भिजवून हलकेच दाबायची. पिळली तर लोकरीत वळ्या पडतात, उकळत्या पाण्यात घातली तर आटते. ओलीच डोक्यावर चढवायची. टोपीच्या काठाचा पट्टा भुवयांच्या वर साधारण इंचभर, चौफेर सरळ. बिल्ला डाव्या डोळ्यावर येतो आणि उरलेलं कापड उजव्या कानाकडे ओढून बसवतात. वाळेपर्यंत डोक्यावरच ठेवायची.

पितळी बिल्ला घासण्याआधी टोपीवरून काढा, नाहीतर पॉलिशचे पांढरे डाग लोकरीत बसतात. खोबणीत राहिलेलं पॉलिश जुन्या दातब्रशने काढायचं. रोज जोर लावून घासलं तर वर्षा-दोन वर्षांत उठाव झिजतो. सिंहांचे चेहरे सगळ्यात आधी जातात. मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या बिल्ल्याला तर पॉलिश लावूच नये. सोनेरी थर निघून खालचा करडा धातू दिसायला लागतो, आणि तो परत चढत नाही. त्याला ओलं फडकं पुरे.

१ ऑगस्ट २०२३ पासून ब्रिगेडियर आणि त्यावरच्या अधिकाऱ्यांचा गणवेश एकसारखा झाला आहे: एकच टोपी, सारखाच पट्टा, सारखेच बूट. खांद्याभोवतीची दोरी, म्हणजे लॅनयार्डही गेली. कर्नलपर्यंत मात्र टोपीवरून रेजिमेंट ओळखता येते.