मृगाच्या तोंडावरची मुंग्यांची रांग

श्रोतेहो, नमस्कार.

मे सरत आला, वळवाच्या एकदोन सरी पडून गेल्या, की ओट्याच्या कडेनं काळ्या मुंग्यांची रांग सुरू होते. जरा वाकून बघा. कितीतरी जणींच्या तोंडात पांढरा दाणा दिसेल. ‘मुंग्या अंडी घेऊन निघाल्या, आता पाऊस येणार,’ असं माझी आजी म्हणायची. तिची नजर पक्की होती. फक्त ती अंडी नसतात. मुंगीचं अंडं इतकं बारीक, की सहज दिसायचं नाही. तांदळाच्या कणीसारखं दिसतं ते म्हणजे अळ्या आणि कोश, मुंग्यांची पोरंबाळं.

मुंगीच्या अंगात स्वतःची ऊब नसते. जमीन गारठली की ती मंदावते, म्हणून डिसेंबर-जानेवारीत रांगा विरळ. एप्रिलच्या दुपारी फरशी भाजते तेव्हा ती दिसत नाही. सकाळ-संध्याकाळ मात्र माठाच्या तिवईखाली, मोरीत, गळक्या नळापाशी हजर. उन्हाळ्यात तिला पाण्याची ओढ साखरेइतकीच असते.

पावसाळ्याची गोष्ट निराळी. बिळात पाणी शिरलं की पिलं बुडतात, म्हणून सगळं बिऱ्हाडच हलतं. फरशीखालची पोकळी, चौकटीची फट, भिंतीतली भेग, कोरडं मिळेल तिथे. तेव्हा रांग दिसली की आधी तोंडात काय आहे ते पाहा. साखरेचा कण बाहेर चालला असेल तर घर बाहेर आहे, डबा घट्ट लावला की पुरतं. पिलं आत येत असतील, तर मुंग्या राहायलाच येताहेत.

अशा वेळी लगेच फवारा मारू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. फवाऱ्यानं रांगेतल्या कामकरी मुंग्या मरतात, राणी आत सुखरूप राहते. घरात राहणाऱ्या काही जातींची वसाहत तर अशानं फुटते आणि एकाच्या जागी तीन ठिकाणी बस्तान बसवते. रांग कुठल्या फटीतून येते ते शोधा. मुंग्या वासाच्या रेघेवर चालतात. ती रेघ साबणाच्या पाण्यानं पुसा आणि फट बुजवा. मृगाआधीच्या कोरड्या दिवसांत हे काम उरकलेलं बरं.

पहिल्या मोठ्या पावसानंतरच्या संध्याकाळी दिव्याभोवती पंखवाले किडे जमतील. अंगणातला दिवा थोडा वेळ मालवा, ते पांगतील. एखादा मात्र हातात घेऊन बघा. कंबर बारीक आणि पुढचे पंख मोठे असतील तर ती मुंगी. कंबर जाड आणि चारही पंख सारखे असतील तर ती वाळवी. मग सकाळी दाराच्या चौकटी ठोकून पाहा.