नावा ओढायची वाट : लॉट नदीच्या काठाने सायकलवर

[चित्र : नदीवरचं धुकं. सायकलच्या फ्रीव्हीलचा आवाज.]

सप्टेंबरातली सकाळ. सात वाजून गेलेत, पण नदी अजून दिसत नाही. डाव्या हाताला ती आहे, हे पाण्याच्या आवाजावरून कळतं. उजव्या हाताला चुनखडीचा कडा. त्याचाही फक्त पायथा दिसतोय. मधे रस्ता, रस्त्यावर आम्ही दोघं, दोन सायकली आणि कॅरिअरला लटकवलेल्या चार बॅगा. गेल्या वीस मिनिटांत एकच गाडी गेली. तीही पाववाल्याची.

नदीचं नाव लॉट. दक्षिण-पश्चिम फ्रान्समधली. मों लोझेर पर्वताजवळच्या डोंगरात उगम, आणि जवळपास 480 किलोमीटर वळत-वळत जाऊन एगियों गावाशी गारोन नदीला मिळते. नावाची गंमत आहे. इथली जुनी भाषा ऑक्सितान. तिच्यात ही 'ओल्ट'. फ्रेंचमध्ये नावाच्या पुढे 'ल' लागला, 'लोल्ट' झालं, आणि बोलता बोलता 'लॉट' उरलं. खोऱ्यातल्या काही गावांच्या नावांच्या शेपटाला मात्र 'ओल्ट' अजून चिकटून आहे.

आम्ही काझार्क गावाहून निघालो. प्रवाहाच्या दिशेने. उतार आहे असं कागदावर म्हणायचं, पायांना तो कळत नाही. काझार्कचं केशर प्रसिद्ध आहे. एका ग्रॅमला दीडशेच्या आसपास फुलं खुडावी लागतात. पण फुलं येतात ऑक्टोबरात, आणि आम्ही पोचलो सप्टेंबरात. त्यामुळे केशराचं चित्र आमच्याकडे नाही. पुढे जाऊ.

[चित्र : मागून येणारी मोटार, संथ. ओलांडून जाते.]

हे बघा. ही गाडी वळणभर आमच्या मागे होती. हॉर्न नाही. गावाबाहेर सायकलवाल्याला ओलांडताना दीड मीटर अंतर सोडायचं, असा इथला कायदा आहे. तेवढी जागा मिळेपर्यंत ड्रायव्हर मागे थांबला. पुण्यात सायकल चालवलेल्या माणसाला याची सवय व्हायला दोन दिवस लागतात. पहिल्या दिवशी आम्हीच घाबरून कडेच्या गवतात उतरत होतो.

शिकायच्या गोष्टी आणखीही होत्या. दुपारी बारा ते दोन गावं बंद. दुकान बंद, टपाल बंद, रस्त्यावर मांजर. भाकरीपुरतं बाराच्या आत घेऊन ठेवायचं. आणि पाणी संपलं तर गावातली दफनभूमी शोधायची. थडग्यांवरच्या फुलझाडांना घालायला तिथे नळ असतो. 'पिण्यायोग्य नाही' अशी पाटी नाही ना, एवढं बघून घ्यायचं. ही युक्ती इथे सायकलवरून हिंडणाऱ्या जवळपास सगळ्यांना ठाऊक असते. दोन गावांत आमची बाटली तिथेच भरली. चित्रण केलं नाही. बरं वाटलं नाही.

[चित्र : पलीकडच्या काठावरून सॅं-सिर्क-लापोपी. धुकं विरतंय.]

आणि मग हे.

[निवेदन थांबतं. फक्त चित्र.]

सॅं-सिर्क-लापोपी. नदीपासून शंभरेक मीटर उंच, कड्याच्या अगदी टोकाला. आन्द्रे ब्रतों, अतिवास्तववादी कवींचा म्होरक्या, 1950 साली इथे आला, पुढच्या वर्षी घर घेतलं आणि मरेपर्यंत दर उन्हाळ्याला येत राहिला.

पण आम्हाला ब्रतोंपेक्षा इथले खरादी, म्हणजे लाकूड फिरवून घडवणारे कारागीर, जास्त आवडले. या गावाचा मूळ धंदा लाकूड खरादण्याचा. आजूबाजूच्या माळावर बॉक्सवूडची झुडपं होतात. लाकूड पिवळसर, हस्तिदंतासारखं घट्ट. त्यातून पिंपाला लावायची तोटी करायची. वाइनच्या पिंपाला खाली भोक, त्या भोकात लाकडी तोटी. गल्ल्यांमधली खाली कमानीची दारं असलेली घरं म्हणजे त्यांची दुकानं. खालच्या खोऱ्यात वाइन, वरच्या गावात तोट्या, आणि दोघांचा माल नेणारी नदी. असा तो व्यवहार होता.

2012 साली दूरदर्शनवरच्या स्पर्धेत फ्रेंच प्रेक्षकांनी याला देशातलं सर्वांत लाडकं गाव ठरवलं. वर्षाला काही लाख माणसं येतात. बारा महिने राहणारे थोडे उरलेत.

[चित्र : बूझिएस गावाचा पूल. कॅमेरा कड्याकडे वळतो. कड्याच्या पोटात कोरलेली वाट.]

आता जरा थांबू. या प्रवासाला आम्ही ज्यासाठी निघालो, ते इथे आहे.

नदीतून माल खाली नेणं सोपं. नाव सोडायची, ती जाते. इथल्या सपाट बुडाच्या मालवाहू नावांना 'गाबार' म्हणत. त्यांतून काओर शहराकडची वाइन खाली जायची, वरच्या अंगाचा कोळसा, लाकूड, चीज जायचं. मुक्काम बोर्दो, समुद्राजवळचं बंदर. येताना मीठ, खारवलेले मासे, मसाले. प्रश्न येण्याचा होता. प्रवाहाविरुद्ध नाव ओढावी लागते. काठावरून दोर, दोराला आधी माणसं, मग बैल किंवा घोडे. त्यासाठी काठाकाठाने सलग वाट हवी. फ्रेंचमध्ये तिला 'आलाज'ची वाट म्हणतात. आलाज म्हणजे ओढणं.

आणि लॉटच्या खोऱ्यात हा कडा असा आहे. सरळ पाण्यात उतरतो. काठच नाही.

[चित्र : वाटेच्या आतून. डोक्यावर दगड, डावीकडे उघडं पाणी.]

तर त्यांनी कडा कोरला. 1840 च्या दशकात. बोगदा नाही, एका बाजूने उघडी अशी खाच. डोक्यावर कडा पुढे झुकलेला, पायाखाली दगडाचीच फरसबंदी, आणि पाणी हाताच्या अंतरावर. भिंतीला हात लावून बघा, अवजारांचे ओरखडे लागतात. ही वाट नकाशावर कुणी रेघ ओढून झालेली नाही. दोर ताणलेला असताना बैलाला जेवढी जागा लागते, तेवढीच रुंदी. एक बोट जास्त नाही. इथे आम्ही सायकली हातात धरून चाललो. चालवायची जागाच नव्हे ही, आणि समोरून पाठीवर ओझं घेतलेले पदयात्री येत होते.

त्याआधी नदीवरही काम झालं होतं. पाणचक्क्यांसाठी नदीवर जागोजागी बंधारे होते. बंधाऱ्यात एक फट ठेवलेली. नावाड्याने त्या फटीतून नाव खाली सोडायची आणि देवाचं नाव घ्यायचं. पुढे बंधाऱ्यांशेजारी लॉक बांधली. दोन दरवाज्यांमधला हौद. वरचं दार उघडलं की हौद भरतो, खालचं उघडलं की रिकामा होतो, आणि नाव पायरीपायरीने उतरते. सुरुवात सतराव्या शतकात, चौदाव्या लुई राजाचा मंत्री कोल्बेर याच्या काळात झाली, खरं काम एकोणिसाव्यात. लॉक, बंधारे, ओढायची वाट, सगळं मिळून नदीचा रस्ता केला.

रस्ता तयार झाला. आणि 1886 साली खोऱ्याच्या या भागातून रेल्वे आली.

[चित्र : पुलावरचे रूळ. रुळांमधून वाढलेली झुडपं.]

चाळीस वर्षं. एवढ्यासाठी कडा कोरला होता. माल आगगाडीत गेला, नावाडी गेले, 1926 साली सरकारने वाहतुकीच्या जलमार्गांच्या यादीतून लॉटचं नावच काढून टाकलं. मग रस्ते झाले, मोटारी आल्या, आणि 1980 साली काओर–कापदनाक मार्गावरची प्रवासी गाडी बंद पडली. रूळ अजून आहेत. बोगदे आहेत, लोखंडी पूल आहेत, चढ जवळजवळ नाही. सायकलवाल्याला आणखी काय लागतं? या पट्टीवर सायकलवाट करावी असं म्हणणारे आहेत, आणि आगगाडीच परत आणा म्हणणारेही आहेत. त्यांचंही एक म्हणणं आहे.

[चित्र : कड्यावरचं कोरीवकाम. मासे, शंख, पाण्याचे भोवरे.]

ओढायच्या वाटेवरचं हे कोरीवकाम मात्र बैलवाल्यांचं नाही. बरंच नंतरचं. तुलूझच्या दानिएल मोनिए या शिल्पकाराने दगडात केलेलं. लोक सगळं एकाच काळातलं समजून फोटो काढतात. आम्हीही आधी तेच केलं.

[चित्र : सेले नदी. आम्ही दोघं दगडावर बसून पाव खातोय.]

बूझिएसजवळ सेले ही लहान नदी लॉटला मिळते. तिच्या काठाने थोडं आत गेलं की काब्रेरे गाव, आणि गावाच्या वर पेश मेर्लची गुहा. 1922 साली दोन शाळकरी पोरं, आन्द्रे दाविद आणि आंरी द्युतेर्त्र, फटीतून सरपटत आत शिरली आणि त्यांना भिंतीवर घोडे दिसले. ठिपक्यांचे घोडे, सुमारे 29 हजार वर्षांपूर्वी काढलेले. भोवती हातांचे ठसे. भिंतीवर हात ठेवून वरून रंग फुंकलेला. आत कॅमेरा नेता येत नाही. म्हणून तुम्हाला पाव खाणारे आम्हीच दिसतोय. एक सांगतो. उजवीकडच्या घोड्याचं डोकं चित्रकाराने ज्या बाजूला काढलंय, तिथे दगडाची कडच घोड्याच्या डोक्यासारखी आहे. दगड बघून घोडा सुचला असणार.

[चित्र : लॉक. होडीतलं एक कुटुंब हँडल फिरवतंय.]

1990 च्या सुमारास नदीचा सुमारे 64 किलोमीटरचा पट्टा पुन्हा होड्यांसाठी खुला झाला. माल नाही, सुट्टीवर आलेली माणसं. लॉक चालवायला माणूस नेमलेला नसतो. होडीवाल्यांनीच उतरून हँडल फिरवायचं. बाप घामाघूम, मुलं सूचना देतायत, आई दोर धरून उभी. माझ्या मित्राने सायकल टेकवली आणि दुसऱ्या दाराचं हँडल धरलं. वीसेक मिनिटं गेली. खाली उतरलेल्या होडीने आम्हाला दोन पीच दिले.

[चित्र : काओर. पाँ व्हालांत्रे, तीन बुरूज.]

काओर. नदी शहराला तीन बाजूंनी वेढा घालते. पश्चिमेला हा पूल, पाँ व्हालांत्रे. 1308 साली काम सुरू झालं, पुरं व्हायला सत्तरेक वर्षं गेली. एवढा उशीर झाला तर गोष्ट तयार होणारच. गवंड्याने म्हणे सैतानाशी करार केला. मी सांगेन ती सगळी कामं कर, आत्मा तुझा. शेवटचा दगड बसायच्या वेळी गवंडी म्हणाला, आता मजुरांना पाणी आण, या चाळणीतून. सैतान हरला. तेव्हापासून रोज रात्री येऊन तो मधल्या बुरुजाचा एक दगड काढतो.

1879 साली पोल गू या वास्तुविशारदाने पुलाची दुरुस्ती केली, आणि त्या कोपऱ्यात एक छोटा दगडी सैतान बसवला. झूम करतो. दिसला? बोटं फटीत अडकलेली.

[चित्र : द्राक्षमळे. गर्द जांभळी वाइन पेल्यात.]

काओरच्या खाली खोरं रुंदावतं आणि द्राक्षमळे सुरू होतात. द्राक्ष माल्बेक. आज अर्जेंटिनाच्या नावाने विकलं जातं, पण घर याच बाजूचं. जुन्या काळी या वाइनला 'काळी वाइन' म्हणत. एकोणिसाव्या शतकात फिलोक्सेरा या किडीने मळे खाल्ले, 1956 च्या फेब्रुवारीत कडाक्याच्या थंडीने उरलेसुरले जाळले. पुन्हा लावले. 1971 साली काओरच्या वाइनला स्वतःचं संरक्षित नाव मिळालं. त्या वेळचे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज पाँपिदू यांचं सुट्टीतलं घर काझार्कजवळ होतं, हा योगायोग इथले लोक हसत सांगतात.

दुएल गावाच्या धक्क्यावर आता होड्या भाड्याने मिळतात. फ्रेंचमध्ये पिंपाच्या फळीला 'दुएल' म्हणतात.

[चित्र : उंचावरून ल्युझेक. नदीचा पूर्ण वळसा.]

ल्युझेक. वर टेकडीवर चढून हे चित्र घेतलं. सायकली खाली ठेवल्या होत्या. नदी गावाच्या या अंगाला आहे, तिथून टेकडीला भलामोठा वळसा घालते आणि परत गावाच्या त्या अंगाला येते. मधे उरलेली जमिनीची पट्टी इतकी अरुंद, की हाक मारली तर ऐकू जाईल. नावाड्यांचा वळसा वाचावा म्हणून या पट्टीतून एक कालवा काढला होता. नावा संपल्यावर कालव्याचं काम उरलं नाही. तो बुजवला. आता तिथे चौक आहे, झाडं आहेत, मोटारी उभ्या असतात. नाव अजून कालव्याचा चौक.

[चित्र : चौक. दोन सायकली बाकाला टेकलेल्या. मागे पार्किंगमधून निघणारी गाडी.]

या बाजूच्या नदीकाठावरून त्या बाजूच्या नदीकाठावर जायला इथून सायकलने मिनिटभरही लागत नाही. साडेचार वाजले होते, उजेड होता, पुढच्या चाकात हवा थोडी कमी होती. पंप मारला. मित्राने नकाशा घडी करून खिशात टाकला आणि सायकल नदीच्या बाजूला वळवली, वळशाकडे.

[चित्र : नदीकाठचा रस्ता. दोघं लहान होत जातात. फ्रीव्हीलचा आवाज.]