सुपातली तंबाखू

(सुरुवातीला काही क्षण फक्त कात्रीचा आवाज)

सोलापूरच्या पूर्वभागात, विड्या वळणाऱ्या बायकांच्या वस्तीत, दिवस या आवाजानं उजाडतो. उंबऱ्यावर, जिन्यात, बोळात, जिथे उजेड असेल तिथे.

पानं कालच भिजवलेली. रात्रभर ओल्या फडक्यात गुंडाळली की मऊ पडतात, कोरडं पान वळायला घेतलं तर तडकतं. टेंभुर्णीच्या, म्हणजे तेंदूच्या झाडाचं हे पान गडचिरोली-गोंदियाच्या जंगलातून येतं, ऐन उन्हाळ्यात तोडलेलं. पत्र्याचा चौकोनी तुकडा पानावर ठेवायचा आणि त्याच्या कडेनं कात्री फिरवायची. जाड शीर टाळायची. मग मांडीवर सूप. त्यात कापलेली पानं, दोरा आणि तंबाखू. चिमूटभर तंबाखू पानावर सारखी पसरायची, वळायची, टोक दुमडायचं, दोऱ्याचे वेढे द्यायचे. झाली विडी.

आता अक्कांचे हात बघा. नजर आपल्याकडे आहे, शेजारणीशी तेलुगूत काहीतरी गंमत चाललीय. बहुधा आमचीच. बोटं मात्र थांबलेली नाहीत.

पंचवीस विड्यांचा एक कट्टा. असे चाळीस कट्टे झाले की हजार. आठ तासांत हजार म्हणजे एका विडीला अर्धं मिनिटसुद्धा मिळत नाही, आणि पान कापणं त्यातच आलं. शाळेतून आलेली मुलगी दप्तर ठेवते नि आईशेजारी कट्टे बांधायला बसते.

(दारातून आलेली उन्हाची तिरीप, तीत उडणारी पूड)

२ ऑक्टोबर २००८ पासून देशभर कामाच्या ठिकाणी धूम्रपानाला बंदी आहे. कचेऱ्यांच्या भिंतींवर तशा पाट्या दिसतात. हे घरही कामाचंच ठिकाण. घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईलाही १९६६ चा विडी कामगार कायदा, २०२५ साली रद्द होईपर्यंत, कामगार मानत होता. पण पाटी लावून काय होणार? इथे धूर नाहीच. इथे तंबाखू आहे, मांडीवर, बोटांवर, श्वासात. निकोटीन कातडीतूनही अंगात भिनतं, त्यासाठी विडी ओठांना लावावी लागत नाही. खोकला, चक्कर, धरलेली मान, चुरचुरणारे डोळे हे तर या गल्लीत दुखण्यात धरतच नाहीत.

(वरून घेतलेलं दृश्य, ओळीनं घरं)

ही सोलापूरजवळच्या कुंभारीची गोदूताई परुळेकर वसाहत. दहा हजार घरं, विडी कामगार बायकांनी मोर्चे काढून, वर्षानुवर्षं चिवटपणे लढून मिळवलेली. २००६ साली तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग घरं सुपूर्द करायला आले होते. हक्काचं छप्पर ही लहान गोष्ट नव्हे. पण त्याच छपराखाली सूपही आलं. विडी कारखान्याला बिनभाड्याची जागा मिळाली, ती जागा झाडायची बाईनंच. विड्यांवरच्या ज्या करातून या कामगारांच्या दवाखान्यांना पैसा मिळे, तो २०१७ साली जीएसटी आल्यावर बंद झाला.

संध्याकाळी कारखान्याच्या ब्रँचपुढे रांग लागते. आत कॅमेरा नेऊ दिला नाही, म्हणून दारापर्यंतच. आत विड्या तपासल्या जातात, वाकड्या-सैल विड्या ‘छाट’ म्हणून बाजूला पडतात. बाहेर येणाऱ्या पिशवीत उद्याची पानं, उद्याची तंबाखू.

घरी आल्यावर गॅस नंतर पेटतो. आधी पानं पाण्यात जातात.