डाळिंबात नसलेला पदार्थ

[दृश्य: फोडलेलं डाळिंब, दाणे जवळून]

या फळाचं चित्र डबीवर छापून हल्ली एक गोळी विकली जाते. गोळीत असतं युरोलिथिन ए. गंमत म्हणजे हा पदार्थ डाळिंबात नसतोच. डाळिंबात, अक्रोडात, रास्पबेरीत असतात एलॅजिटॅनिन्स. हे आकाराने मोठे रेणू, रक्तात जसेच्या तसे शिरत नाहीत. पचनात त्यांतून एलॅजिक आम्ल सुटतं, पण तेही फारसं शोषलं जात नाही. पुढचं काम मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंचं. गॉर्डोनिबॅक्टर हा त्यांतला एक. ते या आम्लाची काटछाट करत जातात आणि शेवटी उरतं ते युरोलिथिन. हे मात्र रक्तात पोहोचतं.

फळ खाणार आपण, पदार्थ बनवणार जिवाणू. आणि ते सगळ्यांच्या पोटात नसतात! १०० जणांना डाळिंबाचा रस देऊन पाहिलं, तेव्हा जेमतेम ४० टक्के लोकांच्या रक्तात युरोलिथिन ए नीट वाढलं. बाकीच्यांना रस मिळाला, युरोलिथिन नाही. थेट युरोलिथिन देण्याची कल्पना इथूनच पटते.

[दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली स्नायूंचे तंतू]

पण ते हवंय कशाला? स्नायूंना लागणारी बहुतेक ऊर्जा पेशींमधल्या मायटोकाँड्रिया नावाच्या सूक्ष्म भागांत तयार होते. वापरून वापरून त्यातले काही निकामी होतात. पिंक-१ आणि पार्किन ही प्रथिनं अशा मायटोकाँड्रियावर खूण करतात; पेशी त्यांना आवरणात गुंडाळते, पचवते आणि सुटे झालेले घटक पुन्हा वापरते. हीच मायटोफॅजी. वयाबरोबर ती मंदावते आणि निकामी माल पेशीतच साचतो.

२०१६ साली स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या संशोधकांनी दाखवलं, की युरोलिथिन ए ही सफाई पुन्हा जोरात सुरू करतं. सूक्ष्म कृमी ४५ टक्के जास्त जगले, म्हातारे उंदीर ४२ टक्के जास्त धावले. कृमींमध्ये मायटोफॅजीची जनुकं बंद केली, तेव्हा वाढीव आयुष्यही गेलं. मला आकड्यांपेक्षा हा पुरावा मोलाचा वाटतो, कारण परिणाम कशामुळे झाला ते त्यातून कळतं.

[दृश्य: लांब कॉरिडॉरमध्ये चालणारे वृद्ध]

माणसांचं काय? २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ६५ ते ९० वयाचे ६६ जण होते. चार महिने, रोज १००० मिलिग्रॅम. दोन महिन्यांतच हातापायाचे स्नायू थकण्याआधी जास्त वेळा आकुंचन पावू लागले. जाहिरातीत येतं ते हेच. पण चाचणीचा मुख्य प्रश्न होता, सहा मिनिटांत माणूस किती अंतर चालतो? गोळीवाल्या गटाचं अंतर सरासरी साठेक मीटरने वाढलं, आणि खोटी गोळी घेणाऱ्यांचंही चाळीसेक मीटरने. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. चाचणीला गोळी बनवणाऱ्या कंपनीचाही पैसा होता. अशा संशोधनात हे नेहमीचंच, तरी निकाल वाचताना लक्षात ठेवलेलं बरं.

खुर्चीतून न धरता उठता येणं, तोल जाऊन न पडणं, हाड न मोडणं, हे प्रश्न ६६ माणसांच्या चार महिन्यांच्या चाचणीत सुटणारे नाहीत. त्यासाठी शेकडो वृद्धांवर, काही वर्षं चालणारी चाचणी लागेल. वजनं उचलण्याच्या व्यायामाने मात्र नव्वदीतल्या माणसांचीही ताकद वाढलेली आहे, मग त्यांच्या पोटात गॉर्डोनिबॅक्टर असो वा नसो.