कोल्ड्रिंक प्यायल्याने शुक्राणू मंदावतात का?

(कोलाची बाटली कॅमेऱ्यासमोर धरून)

संबंधानंतर कोलाने आतून धुतलं की दिवस राहत नाहीत, ही अफवा एके काळी जोरात होती. १९८५ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी ती चक्क तपासून पाहिली. वीर्यात वेगवेगळे कोला मिसळले. शुक्राणू गारद! सगळ्यात जहाल निघालं डाएट कोक. दोन वर्षांनी तैवानमध्ये तसाच प्रयोग झाला, तर तिथले शुक्राणू मजेत पोहत राहिले. २००८ मध्ये दोन्ही गटांना मिळून इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचा गमतीदार पुरस्कार, दिला गेला. एकाला 'मरतात' म्हणून, दुसऱ्याला 'मरत नाहीत' म्हणून!

गर्भनिरोधक म्हणून मात्र हा उद्योग करूच नका. काही मिनिटांतच शुक्राणू गर्भाशयाच्या मुखात शिरलेले असतात. तुम्ही झाकण उघडेपर्यंत ते कधीच पुढे गेलेत. वर जळजळ आणि संसर्गाची भीती आहेच.

(बाटली खाली ठेवून)

पण आपण हे पितो, आणि ती गोष्टच वेगळी. प्यायलेला कोला काही वृषणात जाऊन ओतला जात नाही. त्यातलं आम्लही विसरा, पोटातलं आम्ल त्याहून जहाल असतं. रक्तात जाते ती साखर, आणि संशय तिच्यावरच आहे.

२०१४ मध्ये अमेरिकेतल्या १८९ तरुणांचा अभ्यास आला. गोड पेयं सर्वाधिक पिणाऱ्यांमध्ये सरळ पुढे पोहणारे शुक्राणू, सर्वात कमी पिणाऱ्यांच्या तुलनेत, शंभरात जवळपास दहाने कमी होते. गंमत म्हणजे हा फरक सडपातळ मुलांमध्येच दिसला. म्हणजे 'मी कुठे जाडा आहे?' ही पळवाट बंद. शुक्राणूंच्या संख्येत मात्र फरक नव्हता. उलट २०१० च्या डॅनिश अभ्यासात भरपूर कोला पिणाऱ्यांमध्ये शुक्राणूंची संख्याच कमी दिसली. पण त्यांचं एकूण खाणंपिणंही यथातथाच होतं. त्यामुळे सगळं खापर बाटलीवर फोडायला मी तयार नाही.

तुमच्या हातात वीर्य तपासणीचा रिपोर्ट असेल तर 'प्रोग्रेसिव्ह मोटिलिटी'ची, म्हणजे पुढे पोहणाऱ्या शुक्राणूंच्या प्रमाणाची ओळ शोधा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या निकषांत तिची खालची मर्यादा ३० टक्के आहे. आणि आज कोल्ड्रिंक सोडून पुढच्या आठवड्यात परत तपासणीला पळू नका. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, त्यामुळे त्या रिपोर्टात दिसतील ते तुमच्या बाटल्या रिचवण्याच्या दिवसांतलेच.