ऑस्बोर्नच्या दारावरचा गणपती

नमस्कार श्रोतेहो. इंग्लंडच्या दक्षिणेला बोटीने समुद्र ओलांडला की आइल ऑफ वाइट नावाचं बेट लागतं. तिथे व्हिक्टोरिया राणीचं ऑस्बोर्न हाउस आहे. १८४५ साली राणीने आणि तिचे पती आल्बर्ट यांनी ही जागा घेतली. समोरचं पाणी बघून आल्बर्टना नेपल्सची खाडी आठवली, म्हणून घर इटालियन व्हिलाच्या धर्तीचं, दोन उंच मनोऱ्यांचं. लंडनचे बिल्डर थॉमस क्युबिट यांनी ते १८५१ पर्यंत पुरं केलं. पुणेकरांनी विद्यापीठाच्या मुख्य इमारतीचा मनोरा डोळ्यांपुढे आणावा, म्हणजे ऑस्बोर्न कसं दिसतं ते कळेल.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. हे घर दगडी दिसतं, पण दगडाचं नाही. आत वीट, वरून गिलावा. दिसायला दगड, असायला गिलावा.

राणीची नऊ मुलं. बागेत त्यांच्यासाठी स्विस कॉटेज बांधलं, प्रत्येकाला भाजीचा वाफा दिला, आणि पिकलेली भाजी आल्बर्ट बाजारभावाने विकत घ्यायचे! माझं तर स्पष्ट मत आहे, फ्लॅटमधल्या पोरांनाही मेथीची एक कुंडी हवीच. शाळेच्या प्रोजेक्टपुरती नव्हे, वर्षभर.

असो. मला सांगायचंय ते दरबार हॉलबद्दल. मी आईला घेऊन गेले होते. आई पेणची. तिच्या माहेरी गणपतीचा कारखाना, लहानपण सगळं साच्यांत आणि रंगांत गेलेलं. घरभर फिरताना ती गप्पच होती. संगमरवरी पुतळे, झुंबरं, काही नाही. दरबार हॉलच्या दाराशी आलो, तिने वर बघितलं, आणि चपला काढायलाच निघाली. दारावर गणपती!

आतल्या भिंती, छत, सगळं पांढरंशुभ्र नक्षीकाम. शेकोटीच्या वर पिसारा फुलवलेला मोर. एक जण म्हणाला, "काय कोरलंय!" आई डोळे बारीक करून बघत राहिली. मग माझ्या कानाशी म्हणाली, "अगं, कोरलेलं नाही हे. साचा आहे. ती वेल बघ, चार हातांवर परत तीच वेल, तोच मुरडलेला देठ. आणि तिथे सांधा घासून घेतलाय."

मी गाइडबाईंना विचारलं. त्या खूश! खरंच सगळं प्लास्टर. १८९० च्या सुमाराला हे काम निघालं. आराखडा लॉकवुड किपलिंग यांचा. आपल्या मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये दहा वर्षं शिकवून ते पुढे लाहोरला गेले होते. तिथला त्यांचा शिष्य भाई रामसिंग, पंजाबातल्या सुतारकाम करणाऱ्या घरातला. नमुने त्याच्या हातचे, आणि त्यावरून लंडनच्या कारागिरांनी साचे काढून प्लास्टर ओतलं. नमुना रामसिंगचा, ओतकाम लंडनचं. एका मोरालाच म्हणे पाचशे तास लागले.

राणीने रामसिंगचं चित्रही काढून घेतलं, रुडॉल्फ स्वोबोडा या चित्रकाराकडून. ते चित्र आणि नाव तिथे आहे, आणि असायलाच हवं. आपल्याकडे वाड्याच्या मालकाचं नाव दगडात, पण ज्याने देवडीचे खांब कोरले त्याचं नाव विचारा, कुणाला ठाऊक नसतं. मला याचा फार राग येतो.

आई त्या चित्रासमोर बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "विचार गं त्यांना, इथे ऊन कुठलं? थंडीत एवढे नग वाळवले कुठे?"

मी विचारलं. गाइडबाईंनी दुसऱ्या गाइडला बोलावलं, त्याने तिसऱ्याला. सांगता कुणालाच आलं नाही. आमची बोटीची वेळ झाली. बोटीत चहा घेतानाही आईचं तेच चाललं होतं: "भट्टी लावली असेल. पण भट्टीने तडे जातात गं."