दानीएलाने बाबेल सोडलं नाही, मग आपण तालुक्याच्या ऑफिसात काय करायचं?

नमस्कार मंडळी, वेंगुर्ल्याच्या जेटीवर बसलोय, मागे गाज ऐकू येईल, चालवून घ्या.

परवा चर्च सुटल्यावर एका पोराने विचारलं, दादा, पैसे चारल्याशिवाय कुठलंच काम होत नाही, मग ख्रिस्ती माणसाने जगायचं कसं? मी काहीतरी गुळमुळीत बोललो आणि सटकलो. का सटकलो ते सांगतो, पण आधी बायबलमधला दानीएल.

संडे स्कूलमध्ये आपल्याला सिंहांची गुहाच सांगतात, पण पहिला अध्याय वाचा ना. पोरगा यरुशलेमेतून बाबेलला, म्हणजे बॅबिलोनला, धरून नेलेला, नाव बदलून बेल्टशस्सर ठेवलं, तीन वर्षं खास्द्यांची, म्हणजे तिथल्या लोकांची, भाषा न् विद्या शिकवली, राजाच्या नोकरीला लावला, आणि हे सगळं त्याने घेतलं! अडला कुठे, तर राजाच्या ताटातल्या जेवणावर. तिथेही बोंबाबोंब नाही, 'दहा दिवस आम्हाला भाजी-पाणी देऊन बघा' एवढंच. पण आठवं वचन बघा, त्याने मनात निश्चय आधीच केला होता. ताट समोर आल्यावर विचार करायला बसला नाही. माझ्या मते सगळी मेख इथेच आहे.

पुढे सहाव्या अध्यायात दुश्मनांनी त्याचा कारभार उकरून बघितला, एक चूक सापडेना, म्हणून शेवटी त्याच्या प्रार्थनेवर घसरले.

आणि नव्या करारातला लूक, अध्याय 3. जकातदार, म्हणजे कर वसूल करणारे, योहानाकडे बाप्तिस्मा घ्यायला आले, आम्ही काय करावं विचारलं. योहान नोकरी सोडा म्हणाला नाही, ठरवून दिलंय त्याहून जास्त घेऊ नका म्हणाला. शिपायांना म्हणाला, जुलमाने पैसे उकळू नका, पगारात भागवा. म्हणजे वसुली आणि पगार, एकदम आपल्या रोजच्या गोष्टी.

आता आपल्याकडचं बघा. एलईडी लावून मासेमारी करायला केंद्राने 2017 सालीच बंदी घातली, कारण उजेडावर बारीकसारीक मासळी पण गोळा होते, एकाच जाळ्यात जाते आणि छोट्या होडीवाल्याला काय उरत नाही. तरी रात्री समुद्रात उजेड दिसतोच. कोणाला बोललात तर उत्तर ठरलेलं, "सगळेच करतत, मगे आपणच कित्याक नको?" रविवारी पहिल्या बाकावर बसणारा माणूस पण हेच म्हणतो हो!

आणि मी? बाबा गेल्यावर सातबाऱ्यावर वारस नोंद करायची होती, कागद सगळे बरोबर. तिथला एक जण म्हणाला, चहापाण्याचं बघा जरा. मी काहीच ठरवून गेलो नव्हतो, हात आपोआप खिशात गेला. दिले. घरी येऊन आईला सांगितलं 'फी भरली', हे खोटं वेगळंच.

आता बहिणीच्या जमिनीची नोंद करायचीय. या वेळी घरातूनच ठरवून निघालो, पावतीशिवाय रुपया द्यायचा नाही, आणि अर्जाची पोच घेतली. भ्रष्टाचारविरोधी कायद्यातल्या 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार धरतात, जबरदस्तीने द्यावी लागली तर सात दिवसांत कळवावं लागतं, आणि लाचलुचपतवाल्यांचा नंबर 1064, तो मोबाईलमध्ये घालून ठेवलाय. त्या माणसाशी भांडलो नाही, दर वेळी हसून नमस्कार करतो. चौथा महिना चालू आहे, बहीण वैतागलीय, आणि तिचं चूक पण नाही, एसटीचं भाडं तीच देते. सोमवारी परत जायचंय, छत्री घेऊन.